घरच्यांना काय तपासायचं?

टक्. टक्-टक्.

बाळ नुकतंच झोपलं होतं. पाळण्यात ठेवताना त्याचं डोकं माझ्या तळहातावर असं विसावलं होतं, की हात काढून घ्यायचं जिवावर आलं होतं. घरात चिटपाखरू हलत नव्हतं. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून तो आवाज आला. सटक्याच्या पिंजऱ्याला पाण्याची बाटली अडकवलेली आहे. तिच्या नळीत एक पोलादी गोळी असते. जीभ लागली की गोळी मागे सरकते, टक् वाजते आणि थेंब येतो. सटक्या पाणी पीत होता.

एरवी हा आवाज माझ्या कानावर आदळूनही आत शिरत नसे. आता मी पाळण्याशी वाकल्या वाकल्या ऐकत राहिले. मघाशीच प्यायला होता ना हा? इतकी तहान कशाची? का नेहमीच एवढं पितो आणि मीच आजवर लक्ष दिलं नव्हतं?

सटक्या आमचा फेरेट. मुंगसाला दोन्हीकडून धरून ताणलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा राग पुसून टाकला, तर जे होईल ते. नवरा म्हणतो, हा प्राणी नव्हेच, जीव आलेला पायमोजा आहे. हातातून, दारातून, उशीच्या अभ्र्यातून सटकतो म्हणून सटक्या. चोरीचा भारी नाद. बाळाची चोखणी, माझे केसांचे चाप, थोरलीचे खडूचे तुकडे, सगळं सोफ्यामागे नेऊन नीट रचून ठेवतो आणि वर पहारा देत बसतो. थोरली पाच वर्षांची आहे. तो तिचा. तिच्या आत्याने तिला दिलेला.

आणि आता आत्याच म्हणत होती की त्याला शुक्रवारी डॉक्टरांकडे नेऊन कायमचं झोपवायचं.

आत्या म्हणजे माझी मोठी नणंद. मी त्यांना ताई म्हणते. त्यांच्या घरामागच्या लांबट खोलीत लोकांनी टाकून दिलेले फेरेट असतात. कुणाला वास सहन झाला नाही म्हणून, कुणाचं घर बदललं म्हणून, कुणाला मूल झालं म्हणून सोडलेले. ताई त्यांना खाऊपिऊ घालतात, नखं कापतात, नावं ठेवतात. नावं ठेवण्यात तर त्यांचा हातखंडा, माणसांनाही ठेवतात. लोक गावाला जाताना आपले फेरेट त्यांच्याकडे ठेवून जातात, ते 'पाहुणे'. बाळाच्या वेळी मी दवाखान्यात होते, तेव्हा सटक्याही तिथेच होता.

घरी आल्यावर ताई रोज दुपारी यायच्या. बाळाला आंघोळ घालायच्या, मला हाताला धरून आत न्यायच्या आणि बजावायच्या, "नीज. मी आहे. रडलं तर मी बघेन, तू उठलीस तर तुला रडवीन." त्या बाहेर बाळाशी बोलत असायच्या आणि मी दगडासारखी झोपायची. माझ्या आईनंतर असं झोपवणारं मला कुणी भेटलं नव्हतं.

मग तो फोन आला.

"सटक्या इथे होता तेव्हा पाहुण्यांची सगळ्यांची लाळ पाठवली होती तपासायला," ताई म्हणाल्या. "दुसऱ्या एका बाईंकडे साथ आलीय, म्हणून म्हटलं खात्री करावी. बाकी सगळे स्वच्छ आहेत. तुझा पॉझिटिव्ह आलाय."

त्या रोगाचं नाव लांबलचक आहे. आमच्याकडे सगळे 'तो रोग' एवढंच म्हणतात. विषाणूचा आहे. लस नाही, औषध नाही. लाळेतून, लघवीतून, एकमेकांच्या अंथरुणातून पसरतो. लागण झालेला फेरेट कधी कधी वर्षानुवर्षं टुणटुणीत हिंडतो आणि दुसऱ्यांना देत राहतो. मग एक दिवस वजन उतरायला लागतं, मागचे पाय साथ देईनासे होतात. माणसाला त्याची भीती नाही असं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मला फोनवर शपथेवर सांगितलं, तरी त्या दिवशी मी बाळाच्या मुठी धुऊन धुऊन लाल केल्या.

ताईंचा नियम मला माहीत होता. पॉझिटिव्ह आला तो ठेवायचा नाही. फार पूर्वी एकाच्या पायी त्यांची अख्खी खोली रिकामी झाली होती. त्याबद्दल त्या बोलत नाहीत, नवराच एकदा बोलून गेला. "एकटा ठेवला तर झुरून मरेल," त्या म्हणाल्या, "आणि सोबत द्यायची तर कुणाला मारायला द्यायची? तो तुझ्या घरात असेपर्यंत मला येता येणार नाही गं. माझ्या चपलेला लागून जायचं सगळं."

तेव्हापासून त्या दारातूनच डबा द्यायच्या. हात लांब करून. बाळ त्यांचा आवाज ऐकून मान वळवायचं आणि त्या मागे सरकायच्या.

मला विश्वास बसत नव्हता, आणि एकदा विश्वास उडाला की तो फक्त एका ठिकाणचा उडत नाही. आधी लॅबवर शंका आली. नमुन्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या नसतील कशावरून? मग सटक्यावरच. उडी मारताना त्याचा मागचा पाय घसरला, तो फरशीमुळे की कशामुळे? त्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून मी वजन बघायची आणि हा काट्यावरूनही सटकायचा. नवरा गॅलरीत जाऊन बहिणीशी हळू आवाजात बोलायचा, त्याचाही संशय यायला लागला.

"काय खलबतं चाललीयेत?" मी एकदा विचारलंच.

"तुझी झोप होत नाही, एवढंच म्हणत होती ती."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, माझीही होत नाही, पण माझं कुणी विचारत नाही."

मी हसले नाही. खरं सांगायचं तर सगळ्यात मोठी शंका मला ताईंचीच होती. मला दिवस गेले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "तान्ह्या बाळाच्या घरात हा कशाला? मी घेऊन जाते परत." थोरलीने घर डोक्यावर घेतलं म्हणून विषय मागे पडला. आता बरोब्बर आमचाच पॉझिटिव्ह यावा? जी बाई माझं बाळ न्हाऊ घालते तिच्याबद्दल असं मनात आणताना मला माझीच लाज वाटायची. तरी यायचंच. बाळ अंगावर पीत असलं, म्हणजे हात अडकलेले आणि डोकं मोकळं, तेव्हा तर हमखास.

शेवटी मी सटक्याला टोपलीत घातलं आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी रिपोर्ट पाहिला, सटक्याचं पोट दाबलं, हिरड्या पाहिल्या.

"मला तर चांगला दिसतोय," त्या म्हणाल्या. "पण दिसण्यावर जाऊ नका. रक्त तपासू या."

"लाळेत आलंय म्हणजे रोग आहेच ना?"

"ही टेस्ट विषाणूला शोधतच नाही. विषाणू आल्यावर शरीर त्याच्याशी लढायला जे बनवतं, ते शोधते. चोर बघत नाही ती. चोराच्या भीतीने बसवलेलं कुलूप बघते. आणि लाळेचा नमुना म्हणजे नाजूक काम. घेताना गडबड झाली की उत्तरात गडबड."

त्यांनी मानेजवळून रक्त काढलं. सटक्याने त्यांच्या एप्रनच्या खिशातलं पेन पळवायचा प्रयत्न केला. थोरलीला ते फार आवडलं.

रक्ताचं उत्तर निगेटिव्ह आलं. मी फोनवरच रडले. डॉक्टरीणबाई माझं रडू संपेपर्यंत थांबल्या आणि मग म्हणाल्या, "एक सांगते. लागण अगदी ताजी असेल तर रक्तातही लगेच दिसत नाही. काही महिन्यांनी पुन्हा करावं लागेल."

"म्हणजे नक्की असं तुम्ही काहीच सांगत नाही."

"नक्की सांगणारा डॉक्टर सापडला तर मलाही पत्ता द्या," त्या म्हणाल्या.

मी ताईंना कळवलं.

"रक्ताचीच चुकली नसेल कशावरून?" त्या म्हणाल्या. "तुला हवं ते उत्तर आलं की ते खरं, होय? माझ्या खोलीत एवढे जीव आहेत गं. मी शुक्रवारची वेळ घेतलीय, ती मोडणार नाही. तुझ्याने होत नसेल तर मी घेऊन जाईन त्याला. तू येऊसुद्धा नकोस."

त्यांचं चुकत होतं असंही मला म्हणता येईना. दोन टेस्ट, दोन उत्तरं, आणि मधे हा बावळट, सोफ्यामागे चोखण्या रचत बसलेला.

दुसऱ्या दिवशी मी बाळाला झोळीत छातीशी बांधलं, थोरलीला धुतलेले कपडे घातले आणि ताईंकडे गेले. सटक्या घरीच. दारात त्यांनी आमच्या चपला पिशवीत बांधायला लावल्या, आपल्याकडच्या सपाता दिल्या, हात धुवायला लावले. एवढी काळजी घेणारी बाई नमुना घेताना गडबड करेल? मला वाटलं, उगाच आले.

"ताई, लाळ कशी घेता ते दाखवाल?"

"का? माझ्यावर शंका आहे?"

"लॅबवर आहे," मी म्हणाले. धडधडीत खोटं.

"बघ की. मला काय लपवायचंय?" त्या उठल्याच. "या खोलीत मी कधी कुणाला नखाएवढं चुकीचं वागवलं नाही."

खोली लख्ख होती. पिंजऱ्यांत कापडी झोळ्या टांगलेल्या, त्यांतून कुठे शेपूट, कुठे नाक बाहेर. फेरेटचा तो कस्तुरीसारखा उग्र वास, त्यावर साबणाचा. थोरली लगेच एका झोळीखाली जाऊन बसली आणि आतल्याशी गप्पा मारू लागली.

"कापसाची काडी सरळ तोंडात घातलीस तर कडकडून चावेल," ताई शिकवणीच्या सुरात सांगू लागल्या. "आधी तेल चाटवायचं. माशाचं. त्यासाठी जीव टाकतात. तोंडाला पाणी सुटतं, जबडा सैल होतो, की लगेच काडी गालाच्या आत." त्यांनी वाटीत तेल ओतलं, चमचा बुडवला आणि सगळ्यात आधी कोपऱ्यातल्या पिंजऱ्याशी गेल्या. "पहिला मान आजीबाईंचा. त्यांच्याआधी कुणाला दिलं तर बाई रुसतात. ये गं माझी राणी."

आजीबाई ताईंची सगळ्यात जुनी. खोली रिकामी झाली त्यानंतर पहिली आलेली. एके काळी तिची तोंडावरची काळी पट्टी अशी होती की थोरली तिला 'चष्मेवाली' म्हणायची. आता पट्टी विरून राखाडी झाली होती. ती पुढच्या पायांनी आली. मागचे नुसते सोबत आले. ताईंनी तिला एका हाताने उचललं आणि तिने चमचा चाटला. सावकाश, खालून वर, सगळा.

मग ताईंनी तोच चमचा पुन्हा तेलात बुडवला आणि शेजारच्या पिंजऱ्यातल्या पाहुण्याच्या तोंडापुढे धरला.

मी त्या चमच्याकडे पाहत राहिले. बाळ झाल्यापासून माझे दिवस बाटल्या आणि चमचे उकळण्यात चाललेत. खाली पडला, उकळ. थोरलीने तोंडात घातला, उकळ. दुसऱ्याच्या घरी गेले तरी मला आधी चमचे दिसतात.

"सटक्याच्या वेळीही असंच केलं होतंत?"

"अगदी असंच. आजीबाई, मग तो. शेजारचाच पिंजरा दिला होता त्याला, चांगला उजेडातला. मग बाकीचे पाहुणे."

"चमचा हाच?"

"हाच गं. ह्यांचा चमचा काही—" आणि त्या थांबल्या. हात तसाच पुढे. पाहुणा चमच्याला लोंबकळून चाटत होता.

आजीबाईची लाळ चमच्यावर, चमच्यावरून सटक्याच्या तोंडात, तिथून काडीवर; पुढच्यांची पाळी येईपर्यंत चमचा चाटून पुसला गेलेला.

"ताई, आजीबाईची टेस्ट कधी केली होती?"

"आली तेव्हा. स्वच्छ होती."

"त्यानंतर?"

"त्यानंतर कशाला? बाहेरून येतात त्यांना तपासायचं. घरच्यांना काय तपासायचं?" त्यांचा आवाज चढला. "ती म्हातारी झालीय. म्हातारपणी पाय ओढतातच. माझ्या आईचे नव्हते ओढत? तू पाहिलंयस."

"हो ताई."

"वजन उतरतंच."

"हो."

"नुसतं हो हो काय करतेस?" बाळ दचकलं, मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुला तुझा वाचवायचाय म्हणून माझ्या म्हातारीच्या गळ्यात बांधतेयस. तुझ्या घरी येणं मी कशासाठी बंद केलं? मला आवडतं का बाळाला लांबून बघायला?"

माझ्या तोंडाशी आलं होतं, की माझ्या सटक्यासाठी वेळ घेताना तुम्हाला काही वाटलं नाही. गिळलं. कारण बोलता बोलता ताईंचा अंगठा आजीबाईच्या पाठीवरून खाली जात होता, एकेका मणक्यावर थांबत. त्या अंगठ्याला वाट पाठ होती. रोजच जात असणार तो. रोज एक मणका जास्त लागत असणार. मग ह्यांना माहीत होतं का? पाहुण्यांची सगळ्यांची लाळ पाठवली आणि हिची तेवढी नाही, ते नियमामुळे की नियमाच्या भीतीने? मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि त्यांनी बाळाच्या टोपीकडे पाहिलं.

"डॉक्टरीणबाईंचा नंबर दे," त्या म्हणाल्या.

मी दिला. दारात चपला पिशवीतून काढताना त्यांनी नेहमीसारखा बाळाच्या पावलाला हात लावला नाही. थोरलीने मात्र आत्याला मिठी मारली आणि विचारलं, "शुक्रवारी येशील का सटक्याला न्यायला?" ताई म्हणाल्या, "बघू."

नंतरचे दिवस कुणी कुणाला फोन केला नाही. नवऱ्याला मी सगळं सांगितलं. तो कधी नव्हे ते कसलीही कोटी न करता म्हणाला, "ती ते मांजरासारखं जनावर मांडीवर घेऊन जेवते. लहानपणी आमच्यापैकी कुणाला घेतलं नाही तिने मांडीवर." मग उठून सटक्याच्या बाटलीत पाणी भरायला गेला.

गुरुवारी फोन आला तेव्हा मी बाळाचे लंगोट वाळत घालत होते.

"आजीबाईचं दोन्हींत आलंय," ताई म्हणाल्या. "लाळेतही आणि रक्तातही. डॉक्टरीणबाईंनी लाळ घेतली ती कोरडी, चमचा-बिमचा न लावता." त्यांचा आवाज सपाट होता, इस्त्री फिरवल्यासारखा. "सटक्याची वेळ रद्द केलीय मी. पण त्याचं परत करून घ्यायचं हं. शेजारी होता तो तिच्या. एकदा स्वच्छ आलं म्हणजे सुटला असं नाही."

"करीन. आणि बाकीच्यांचं?"

"सगळ्यांचं करतेय. घरच्यांचंसुद्धा." मग म्हणाल्या, "चमचे उकळून."

"ताई, मी येऊ का?"

"नको. तुझ्या कपड्यांना लागून तुझ्याकडे जायचं. आता तूच यायचं नाहीस माझ्याकडे." मागे काहीतरी खुडबुडलं. "मांडीवर आहे. तेल मागतेय."

"ताई, तुमचा नियम..." मी बोलले आणि जीभ चावली.

"ठेवते," त्या म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला.

हातातला लंगोट मी पिळतच राहिले, पाणी केव्हाच निघून गेलं होतं. सटक्या वाचला होता. निदान पुढच्या टेस्टपर्यंत. छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटत होतं आणि तसं वाटतंय याचाच राग येत होता. त्यातही मनाचा एक कोपरा गप्प बसत नव्हता: त्यांना माहीत असणार. नाही, नसणार. असणार.

थोरली दाराशी उभी होती. सटक्या तिच्या गळ्याभोवती मफलरसारखा, डोळे मिटलेला.

"आत्या होती?"

"हो. सटक्याला कुठे न्यायचं नाहीये, बबडे. इथेच राहणार तो."

तिने उडी मारली नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"मग तू रडतेस कशाला?"

"आजीबाई आजारी आहे. सटक्याला जे झालंय असं वाटलं होतं, ते तिला झालंय."

"कधीपासून?"

"खूप दिवसांपासून असेल. आपल्याला कळलं नव्हतं."

ती विचार करू लागली. सटक्याच्या शेपटीचा शेंडा बोटांत घेऊन ती पीळ घालत होती, सोडत होती.

"पण आपण गेलो होतो तेव्हा ती तेल चाटत होती," ती म्हणाली. "आत्या तिला राणी म्हणाली. तेव्हा ती आजारी नव्हती."

"होती गं. पण कुणी बघितलं नव्हतं."

"मग तू चमच्याचं विचारलंस." तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. त्या नजरेत रागबिग काही नव्हता. "आई, तू विचारलं नसतंस, तर आजीबाई अजून बरी असती ना?"